जावईबापूंच्या नव्या लॅपटॉपवर जुनी सिस्टीम

...आणि वर मलाच विचारतो, "काकू, आता या वयात जुनी सिस्टीम कशाला टाकताय?" अहो, या वयात म्हणजे काय? नवीन शिकायचं वय गेलं म्हणता, जुनं टाकायचंही वय गेलं म्हणता, मग या वयात मी नेमकं करायचं तरी काय, सांगा ना! बरं, विचारणारा कोण? तर आमच्या कोपऱ्यावरचा कंप्यूटर दुरुस्तीवाला. त्याला आम्ही रीस्टार्टभाऊ म्हणतो, कारण त्याच्याकडे काहीही घेऊन जा, लॅपटॉप न्या, प्रिंटर न्या, उद्या मी माझा दुखरा गुडघा घेऊन गेले ना, तरी तो मान वर न करता विचारेल, "रीस्टार्ट करून बघितलं का?" म्हटलं, भाऊ, करून करून ते बटण गुळगुळीत झालं. आता नीट ऐक. मला जुन्याची हौस नाही. मला जुनं नकोच आहे रे, मला चालणारं हवंय!

तर तुम्हाला सांगते, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे त्याच्यासारखंच बघाल. मी घरी भरतकाम करते. हातानं नाही, मशीनवर. शर्टाच्या खिशावर नाव, शाळेच्या कोटावर चिन्ह, टॉवेलच्या कोपऱ्यात फूल, ज्याला जे हवं ते. मागच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आहे, असलं भक्कम, की खोलीला रंग द्यायचा झाला तर रंगारी मशीन हलवत नाही, मशीनच्या अवतीभवती रंग देतो. लॅपटॉपवर नक्षी काढायची, केबल जोडायची, बटण दाबायचं, की ते आपलं खटाखट खटाखट टाके घालत सुटतं. आता ही नक्षी काढायचा जो प्रोग्रॅम आहे ना, तो मशीनबरोबर आलेला, आणि तो बनवणाऱ्या कंपनीनं आपला गाशा कधीच गुंडाळलाय. तो चालतो फक्त जुन्या सिस्टीमवर. जुनी सिस्टीम होती माझ्या जुन्या लॅपटॉपवर. आणि जुना लॅपटॉप... गेला हो. ऐन कामात गेला. आतला पंखा घरघरला, स्क्रीन एकदा उजळली, आणि सगळं शांत. आमचे हे दारात उभे राहून म्हणतात, "फार त्रास नाही झाला त्याला." म्हटलं, त्याला नाही झाला, मला होणार आहे!

कारण काम कुठलं चालू होतं? नर्सिंग शाळेचं! तिथल्या मुली शिकून बाहेर पडतात, त्यांचा शनिवारी समारंभ, आणि प्रत्येकीच्या पांढऱ्याशुभ्र ॲप्रनवर शाळेचं चिन्ह आणि खाली तिचं नाव, निळ्या दोऱ्यात. घरात जिकडे बघावं तिकडे ॲप्रन. खुर्च्यांवर ॲप्रन, पलंगावर ॲप्रन, ह्यांना बसायला जागा नाही म्हणून हे उभ्यानं पेपर वाचतायत. आणि त्या शाळेच्या मेट्रनबाई म्हणजे... काय सांगू तुम्हाला, त्यांचा फोन आला की मी उठून उभी राहते. त्यांना दिसत नाही, तरी उभी राहते. त्यांनी आधीच बजावलेलं, "शुक्रवारी दुपारपर्यंत ॲप्रन माझ्या टेबलावर. संध्याकाळी आले तर ते मला नकोत, आणि पुढच्या वर्षी तुम्हीही नकोत." माझं वर्षभराचं निम्मं काम त्या शाळेचं. ते हातचं गेलं तर मशीनवर चादर घालायची आणि मी ह्यांच्या शेजारी बसून पेपर वाचायचा. ते काही मला या जन्मात जमणार नाही.

आता इथे येतात जावईबापू. माझा जावई कंप्यूटरच्या मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि स्वभावानं इतका चांगला, इतका चांगला, की त्याच्याविरुद्ध बोलायला माणसाला जागाच सापडत नाही, आणि हीच तर पंचाईत! लेकीजवळ फोनवर नुसतं म्हटलं, अगं, लॅपटॉप गेला. झालं. दुसऱ्या दिवशी दारात खोकं. आत नवाकोरा लॅपटॉप, वहीसारखा पातळ, उचलताना भीती वाटावी इतका हलका. उघडला तर स्क्रीनवर नातीचा फोटो, पुढचे दोन दात पडलेले, हसतेय, आणि खाली जावईबापूंनी स्वतः टाईप केलेलं, "आईंना सप्रेम." असं कुणी केलं की माणसानं करायचं तरी काय? माझे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी मी प्रोग्रॅमची सीडी काढली आणि लॅपटॉपला सीडी घालायची जागा शोधायला लागले.

नाहीच! डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, उलटा केला, हे म्हणाले मधे कुठेतरी असेल, मधे कशी असेल? सीडीला जागाच नाही. म्हणून मग पुन्हा रीस्टार्टभाऊ. त्यानं सीडीतलं सगळं पेन ड्राइव्हवर घालून दिलं, मी घरी येऊन प्रोग्रॅम सुरू केला, आणि लॅपटॉप मला अगदी अदबीनं सांगतो, हा प्रोग्रॅम या सिस्टीमवर चालू शकत नाही, कृपया बनवणाऱ्या कंपनीशी संपर्क साधा. साधला की! फोन लावला तर पलीकडे कुणीतरी म्हणतं, "हे केक-बिस्किटांचं दुकान आहे, पण तुम्ही बोला."

मग सगळे सल्ला द्यायला पुढे. लेक म्हणते, "आई, नवीन प्रोग्रॅम शीक ना गं, मेंदूला चांगलं असतं." अगं, शिकले असते, पण नवीन प्रोग्रॅमला माझं मशीन ओळखता येत नाही, त्याला मेंदूचा काय संबंध? रीस्टार्टभाऊ म्हणाला, जुना लॅपटॉप दुरुस्तच होणार नाही, त्याचे पार्ट यायचे बंद झाले. आमचे हे म्हणाले, "हातानं भरता येणार नाही का?" त्यावर मी ह्यांच्याकडे जे बघितलं, ते हे अजून विसरलेले नाहीत. मला कुणी समजूनच घेईना! मला जुनं नको होतं हो, मला चालणारं हवं होतं. आणि तेव्हा मी ठरवलं. मशीन बदलत नाही, प्रोग्रॅम बदलत नाही, तर मग लॅपटॉपनं बदलायचं. नव्या लॅपटॉपमधली नवी सिस्टीम पुसायची आणि जुनी टाकायची. जुन्या लॅपटॉपबरोबर आलेली सिस्टीमची सीडी माझ्याकडे होतीच, तिचाही रीस्टार्टभाऊकडून पेन ड्राइव्ह करून घेतला. तो देताना म्हणाला, "काकू, नव्यावर जुनं टाकायचं म्हणजे माझी जबाबदारी नाही हं." म्हटलं, तुझी कुठलीच जबाबदारी कधी असते रे?

फक्त एक अट, जावईबापूंना कळता कामा नये. एवढ्या प्रेमानं दिलेली वस्तू, आणि सासू आल्या दिवशी ती पुसायला निघते! कसं वाटेल त्यांना? म्हणून ह्यांना ताकीद दिली, लेकीला तर त्याहून, आणि बसले. पदर खोचला म्हणा ना!

आता ऐका. जुनी सिस्टीम टाकायची तर म्हणे आधी लॅपटॉपच्या पोटात शिरावं लागतं. आणि शिरायचं कसं, तर लॅपटॉप सुरू होता होता एक बटण दाबायचं. कुठलं? तर प्रत्येकाचं वेगळं. आमचे हे मोबाईलवर शोधून वाचून दाखवायला बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज एकसुरी. "एफ दोन दाबा." दाबलं. नाही. "किंवा एफ बारा." नाही. "किंवा डिलीट." नाही. "किंवा कंपनीनुसार बदलते." अहो, मग हे आधी वाचायचं ना! शेवटी मी वरची अख्खी रांगच पेटीसारखी वाजवत सुटले, आणि अचानक एक काळी स्क्रीन उघडली. आत एक कुलूप होतं, म्हणजे तशी सेटिंग, की अनोळखी काही आत येऊ द्यायचं नाही. मी ती बंद केली. लॅपटॉप म्हणाला, तुमची सुरक्षितता कमी होईल. म्हटलं, होऊ दे. मेट्रनबाई माहीत नाहीत तुला, म्हणून सुरक्षिततेच्या गप्पा मारतोयस!

आणि आली! तीच जुनी, ओळखीची निळी स्क्रीन. माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. वर लिहिलेलं स्वागत आहे, खाली एकच बटण, "पुढे." मी बोट फिरवलं. बाण हलेना. माउस जोडला. हलेना. कीबोर्डवर एंटर दाबलं, स्पेस दाबलं, नंतर नंतर तर नुसतं थोपटलं, ढिम्म! का? तर ही सिस्टीम जुनी, लॅपटॉप नवा, जुन्या सिस्टीमला या नव्या लॅपटॉपची बटणंच ओळखू येईनात, माउसची खाचही ओळखू येईना. म्हणजे बघा, ती मला म्हणतेय पुढे चला, आणि पुढे जायचा प्रत्येक रस्ता तिनंच बंद केलेला. ओळख करून द्यायला म्हणे ड्रायव्हर लागतात, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, ते घालायचे पेन ड्राइव्हनं, आणि पेन ड्राइव्ह लागतो त्याच खाचेत जी तिला ओळखू येत नाही! सांगा, डोकं फोडायचं का नाही? आणि कुणाचं?

ह्यांनी पुन्हा शोधलं. म्हणाले, "अगं, एका माणसाला अगदी हीच अडचण आली होती. अगदी हीच." मी खुर्ची पुढे ओढली. वाचा. ह्यांनी वाचलं, त्याचा लॅपटॉप, त्याची जुनी सिस्टीम, त्याचा न हलणारा बाण, माझीच कहाणी हो, शब्द न् शब्द. मग पुढे? पुढे त्यानंच लिहिलंय, "झालं, जमलं, धन्यवाद." बस्स. कसं जमलं? लिहिलेलं नाही. कुणाला धन्यवाद? लिहिलेलं नाही. हा माणूस मला एकदा भेटू दे. मी त्याला काही करणार नाही, फक्त त्याच्या शर्टवर ठसठशीत अक्षरात भरून देणार, "ह्यानं सांगितलं नाही."

पण मी माघार घेणारी नाही. लॅपटॉप काखेत, माउस पिशवीत, निघाले. रीस्टार्टभाऊच्या दुकानात स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, आता मी इथून हलत नाही. आधी हे ओळखीचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हच्या आतच, सिस्टीमच्या पोटात घालायचे, म्हणजे ती येतानाच ओळख करून घेऊन येईल. ही युक्ती ह्यांना त्या मोबाईलमध्ये दुसऱ्या एका भल्या माणसाच्या लिहिण्यात सापडली होती, देव त्याचं भलं करो. रीस्टार्टभाऊ म्हणाला, असं कुणी करत नाही. म्हटलं, तू कर. त्यानं केलं, तोंड वाकडं करून केलं, पण केलं. आणि बाण हलला! तुम्हाला सांगते, बाण हलला तेव्हा मी दुकानातच टाळ्या वाजवल्या. "पुढे" दाबलं. सिस्टीम म्हणाली, डिस्क सापडत नाही.

डिस्क सापडत नाही! अगं बाई, मग तू राहतेयस कुठे? तर तिला म्हणे आतली नवीन पद्धतीची डिस्कही ओळखता येत नव्हती. पुन्हा एक ड्रायव्हर. पुन्हा पेन ड्राइव्ह. रीस्टार्टभाऊ म्हणतो, "काकू, सोडा ना." तिथे बसलेलं एक गिऱ्हाईकही म्हणतं, "सोडा हो काकू, नवं वापरा, जुन्यात काय ठेवलंय?" मला जुनं नको होतं हो! पण त्या अनोळखी माणसाला भर दुकानात कसं सांगू, की माझ्या घरी पांढरे ॲप्रन पडलेत, एकेक मुलगी रात्रीच्या पाळ्या करून, फरशा पुसून, परीक्षा देऊन इथवर आलीय, आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कुणीतरी तिच्या छातीवर भरून देणार आहे, आणि ते नाव माझ्यापाशी अडलंय. मला चालणारं हवं होतं, एवढंच.

मग आला तो प्रश्न. डिस्क सापडल्यावर सिस्टीम विचारते, यावरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुसू? आणि मला आठवला नातीचा फोटो. मी बटणावरचं बोट उचललं. लॅपटॉप बंद, पुन्हा नव्या सिस्टीममध्ये, फोटो दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतला, रीस्टार्टभाऊ कपाळाला हात लावून बसलेला, घेऊ दे, आणि मग पहिल्यापासून सगळं परत. पुसू? पूस. दाबलं आणि डोळे मिटले. जावईबापूंचं "सप्रेम" पुसताना मनातल्या मनात त्यांची माफी मागितली, खोटं कशाला बोलू?

झालं हो, जमलं! आणि मी सांगितलं तरी कसं जमलं ते. आता जमलं म्हणजे काय, ते विचारू नका. अक्षरं एवढी मोठी, की दारातून वाचता यावीत. नातीचा फोटो परत लावला तर स्क्रीनवर मावेना, तिचं नाक आणि ती दातांची खिडकी तेवढी दिसते. आवाज नाही. कॅमेरा नाही. इंटरनेट नाही, ते हवं तर म्हणे ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्या. इंटरनेटच नाही तर इंटरनेटवरून घेऊ कसा? तुम्हीच घ्या म्हणावं! झाकण मिटलं तर पुन्हा उघडल्यावर जागा होत नाही, म्हणून झाकण मिटायचं नाही. पण केबल जोडली, प्रोग्रॅम उघडला, तीच करडी चौकट, पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली तीच माझी जुनी नक्षी, बटण दाबलं, मशीननं एक क्षण विचार केला, आणि खटाखट खटाखट खटाखट... मी मशीनपाशी बसून चक्क रडले. हे पहिलं ॲप्रन हातात घेऊन म्हणाले, "नाव बरोबर आहे." ह्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाला मिळालेलं नाही.

शुक्रवारी दुपारी ॲप्रन मेट्रनबाईंच्या टेबलावर. त्यांनी एकेक उलगडून मागची बाजूसुद्धा बघितली, दोरा कुठे लोंबतोय का ते, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या कॉलरी पण आत्तापासूनच करायला घ्या." मी जी तरंगत घरी आले! इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

कारण जावईबापू! रोज संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल, "आई, चालतोय ना लॅपटॉप?" मी म्हणायची, उत्तम. "मग मोबाईलवरून का बोलता? लॅपटॉपवरून बोला ना, कॅमेरा फार छान आहे त्याचा." आज मी म्हटलं अंधार आहे, उद्या म्हटलं केस विंचरलेले नाहीत, नंतर नंतर तर हेच मधे पडून म्हणायला लागले, "तिचा मूड नाही." आणि एक दिवस न सांगता स्वतःच आले, लेक आणि नातीला घेऊन. सरळ मागच्या खोलीत. लॅपटॉपसमोर उभे. एवढाली अक्षरं, नातीचं नाक, झाकण मिटू नये म्हणून मागे लावलेली उशी. चेहरा एवढासा झाला. मग हळूच म्हणाले, "आई, लॅपटॉप आवडला नाही का?"

इतका चांगला माणूस! आता खरं काय सांगू, की तुमच्या वस्तूला मी पार जुनाट करून ठेवलं? म्हणून बोलून गेले, काय बोलतेय ते कळायच्या आत बोलून गेले, "छे छे जावईबापू! लॅपटॉप म्हणजे सोनं आहे हो. दोष त्याचा नाहीच. हे मशीनच मेलं जुनं आहे, त्याच्यामुळे सगळं करावं लागलं." त्यांचा चेहरा असा खुलला, असा खुलला! म्हणाले, "असं होय! मग आधी नाही का सांगायचं?" मला वाटलं, सुटले.

आणि आता काय झालंय माहितीये? नवं भरतकामाचं मशीन आलंय. जावईबापूंकडून. पांढरं, गुळगुळीत, वर त्याचीच छोटी स्क्रीन, आणि चालतं इतकं गुपचूप म्हणे की शेजारच्या खोलीत कळत नाही. म्हणे, म्हणजे मी ऐकलेलं नाही, कारण ते चालतच नाही. त्याला लॅपटॉपवर नवी सिस्टीम लागते! मी रीस्टार्टभाऊकडे गेले, तोंड उघडायच्या आत तो दुकान बंद करायला लागला. आणि नवी सिस्टीम टाकली तर माझं जुनं मशीन बंद, माझ्या सगळ्या नक्षी बंद, मेट्रनबाईंच्या कॉलरी बंद. मला नवं नको होतं हो, जुनंही नको होतं... जाऊ दे, आता कुणाला सांगणार?

म्हणून सध्या असं चाललंय. संध्याकाळी जावईबापूंचा कॉल आला, की मी बाहेरच्या खोलीत नव्या मशीनला टेकून उभी राहते, हसते, आणि हे आत जाऊन जुन्या मशीनचं बटण दाबतात. काल जावईबापू डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "आई, काय आवाज आहे हो मशीनचा! त्या जुन्या धुडाला याची सर नाही." आत ते जुनं धूड मेट्रनबाईंच्या कॉलरी जीव तोडून भरतंय, खटाखट खटाखट, भिंतीवरचं घड्याळ हलतंय... मी म्हटलं, "तर हो जावईबापू. नवं ते नवंच!"